मेपल लीफ्सचा पॉवरप्ले ऐन मोक्याला का अडतो?

ओंटारियोकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. टोरंटो मेपल लीफ्सचे सामने नेमाने पाहणारे येथे बरेच जण आहेत, म्हणून कित्येक दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न मांडतो. आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटांची पेनल्टी झाली की आपले पाच आणि त्यांचे चार अशी लढत होते. गोलरक्षक दोन्हीकडे असतोच. ही दोन मिनिटे म्हणजे पॉवरप्ले, आणि ती गोल करण्याची हक्काची संधी मानली जाते. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्हो यांनी बोस्टनविरुद्ध एकाच पॉवरप्लेत ४४ सेकंदांत तीन गोल केले आणि पुढच्या हंगामापासून नियमच बदलला: छोट्या पेनल्टीत एक गोल झाला की पेनल्टी तिथेच संपू लागली.

आता आपल्या संघाकडे पाहा. २०२१-२२ च्या साखळी हंगामात लीफ्सचा पॉवरप्ले २७.३ टक्क्यांसह (म्हणजे शंभर संधींमागे तेवढे गोल) एनएचएल लीगमध्ये पहिला होता आणि २०२३-२४ मध्येही तो २४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरासरीच्या बराच वर होता. बाद फेरीत मात्र २०२१ साली मॉन्ट्रियलविरुद्ध २३ संधींत तीन गोल झाले आणि २०२४ साली बोस्टनविरुद्ध तर २१ संधींत केवळ एक. ती मालिका आपण सातव्या सामन्यात, जादा वेळेत, २-१ अशी हरलो. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात आघाडीचा खेळाडू मिच मार्नर वेगासच्या संघात गेला, त्यानंतरच्या हंगामाच्या पूर्वार्धात हा पॉवरप्ले लीगच्या तळाशी जाऊन बसला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याची जबाबदारी असलेले साहाय्यक प्रशिक्षक मार्क सावार्ड यांना हटवण्यात आले.

आमच्याकडे सामना पाहायला जमणाऱ्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते: ‘मोठ्या पगाराचे खेळाडू दडपणाखाली गळपटतात.’ मला हे पटत नाही, कारण त्याच बोस्टन मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून पाचवा आणि सहावा सामना याच संघाने जिंकला होता. दडपणाची सबब बाजूला ठेवून बर्फावर नेमके काय बिघडते, हे कोणी समजावून सांगेल का?

निळी रेघ

दडपणाचा मुद्दा तुम्ही बाजूला ठेवलात हे बरे केले, कारण त्याने काहीच उलगडत नाही. माझ्या मते पॉवरप्ले बहुतेक वेळा फटका मारण्याआधीच फसलेला असतो, आणि आपण मात्र घरी बसून फटक्यांवरच वाद घालत राहतो.

दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद. सुरुवातीचा फेस-ऑफ, म्हणजे पकसाठी (रबरी चकतीसाठी) समोरासमोरची झटापट, आक्रमक संघाच्या बाजूने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात होतो. पण तो हरला की बचाव करणारा संघ पक सरळ दुसऱ्या टोकाला भिरकावून देतो. एरवी असे केल्यास आइसिंग दिले जाते, म्हणजे खेळ थांबवला जातो. एक खेळाडू कमी असलेल्या संघाला मात्र तशी मुभा आहे. मग आपला बचावपटू मागे जाऊन पक आणणार, बाकीचे चौघे वळसा घेऊन वेग धरणार, आणि पुन्हा निळी रेघ, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राची सीमा, ओलांडण्याचा प्रयत्न होणार. यात वीसेक सेकंद सहज जातात. असे तीनदा झाले की मिनिटभर खेळ प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात घडलेलाच नसतो, पण आकडेवारीत ही नोंद ‘संधी एक, गोल शून्य’ अशीच होते आणि आपण लीफ्सच्या ऑस्टन मॅथ्यूजच्या नेमबाजीला दोष देतो.

निळी रेघ ओलांडण्याची सध्याची ठरलेली रीत म्हणजे ड्रॉप पास. एक खेळाडू पक घेऊन मधल्या पट्ट्यातून वेगाने पुढे येतो, बचावाची चौकडी त्याच्या धाकाने मागे सरकते, आणि तेवढ्यात तो पक मागून येणाऱ्या दुसऱ्या वेगवान खेळाडूसाठी सोडून देतो. मागे सरकलेल्या बचावाला त्या दुसऱ्याचा वेग झेपत नाही, असा हिशेब. सुरुवातीला ही युक्ती फार चालली. अलीकडे बहुतेक संघांनी त्यावर उतारा शोधला आहे: चौघांपैकी एक जण मागे हटतच नाही, पक सोडणारा आणि घेणारा यांच्या मधल्या जागेत तो घुटमळत राहतो, आणि उरलेले तिघे निळ्या रेषेवर ओळीने उभे ठाकतात. त्यामुळे पक घेणारा वेगात येतो खरा, पण समोर जागाच नसते. अशा वेळी शहाणपणाने पक कोपऱ्यात टाकून त्याच्या मागे दोघांनी धावायला हवे. लीफ्सचे आघाडीचे खेळाडू मात्र पक सोडायला नाखूश असतात. पायाशी पक ठेवून तिघांमधून वाट काढण्याचा मोह त्यांना आवरत नाही, आणि पक पुन्हा आपल्या टोकाला जातो.

साखळी सामन्यांत हे खपून जाते. आज बफेलो, परवा सॅन होजे. समोरच्या प्रशिक्षकाला तुमच्या चित्रफिती पाहायला एखादा दिवस मिळतो. बाद फेरीत तोच प्रतिस्पर्धी दोन आठवडे फक्त तुमचाच अभ्यास करत असतो. पहिल्या सामन्यात जो ड्रॉप पास चालला, तो तिसऱ्या सामन्यात अडवला जातो, आणि पाचव्या सामन्यापर्यंत तुमच्याकडे दुसरी वाट तयार नसेल तर खेळ खुंटतो. लीफ्सच्या बाबतीत मला मुख्य दोष येथे दिसतो: पहिला बेत उत्तम आहे, दुसरा नाही.

आकडेमोड

‘निळी रेघ’ यांचे तांत्रिक विवेचन बिनतोड आहे, पण त्याने २१ पैकी १ हा आकडा पूर्णपणे समजतो, असे मला वाटत नाही. थोडा हिशेब मांडतो.

समजा, संघाची खरी क्षमता साखळी हंगामातल्यासारखीच २४ टक्के आहे आणि प्रत्येक संधी स्वतंत्र आहे. तर २१ संधींत एक किंवा त्याहून कमी गोल होण्याची शक्यता साधारण २.४ टक्के येते. म्हणजे निव्वळ नशिबाने चाळीस मालिकांत एखाद्या वेळी असे घडू शकते. आता बाद फेरीत समोरचा बचाव सरासरीपेक्षा चांगला असतो आणि गोलरक्षक भरात असतो, हे धरून क्षमता १८ टक्क्यांवर आणा. तीच शक्यता ९ टक्क्यांच्या जवळ जाते. हे दुर्मीळ आहे, पण दर वर्षी पहिल्या फेरीत सोळा संघ खेळतात हे ध्यानात घेतले, तर त्यांतल्या कोणावर तरी अशी पाळी यावी यात चमत्कार नाही.

शिवाय ‘तेच खेळाडू’ हे गृहीतक २०२४ पुरते तपासून पाहा. विल्यम नीलँडर पहिले तीन सामने खेळलाच नाही. ऑस्टन मॅथ्यूज आजारपणामुळे चौथ्या सामन्याच्या अखेरच्या सत्रात उतरला नाही आणि पाचव्या व सहाव्या सामन्याला मुकला. म्हणजे मॅथ्यूज, मार्नर, नीलँडर आणि टव्हारेस हे चौघे एकत्र उपलब्ध होते ते चौथ्या सामन्यातील दोन सत्रांत आणि सातव्या सामन्यात. २०२१ च्या मालिकेत जॉन टव्हारेस पहिल्याच सामन्यात जबर जखमी होऊन बाहेर गेला होता. ज्या संचाने साखळीत २४ किंवा २७ टक्के मिळवले, तो संच बाद फेरीत बर्फावर पुरता उतरलाच नाही, आणि दोष मात्र त्याच्या नावावर जमा झाला.

लहान नमुन्याचा खेळ उलट्या दिशेनेही चालतो. एडमंटनने २०२२-२३ मध्ये साखळीत ३२.४ टक्के, म्हणजे लीगच्या इतिहासातील सर्वोच्च प्रमाण गाठले, आणि त्याच वर्षी बाद फेरीत ३९ संधींत १८ गोल केले. ४६ टक्के! एवढे करूनही ते दुसऱ्या फेरीत वेगासकडून हरले. मालक-खेळाडू वादात एक हंगाम बुडवणाऱ्या लॉकआउटनंतरच्या २००५-०६ हंगामात प्रत्येक संघाला सामन्यामागे जवळजवळ सहा पॉवरप्ले मिळत असत. आता ते तीनच्या आसपास आले आहेत. संधी निम्म्यावर आल्या की प्रत्येक संधीचे ओझे वाढते आणि आकडे अधिक हेलकावे खातात. माझे म्हणणे एवढेच की एका मालिकेवरून प्रशिक्षक बदलू नये. अर्धा हंगाम तळाशी राहिल्यावर बदलला, तर तक्रार नाही.

रिंकवरची ताई

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले. मी मुलाच्या संघाच्या सरावाला स्वयंसेवक म्हणून बाकावर उभी असते, त्यामुळे मला या गोष्टी जरा खालून, बर्फाच्या पातळीवरून दिसतात, आणि तेथून पाहताना नशिबाइतकाच स्टिकचा कोन महत्त्वाचा वाटतो.

आज जवळपास सगळे संघ १-३-१ ही मांडणी वापरतात. निळ्या रेषेजवळ मधोमध एक, दोन्ही कडांना एकेक, मध्यभागी बचावाच्या चौकोनात घुसलेला एक, आणि गोलरक्षकाच्या नाकासमोर एक. या मांडणीचा जीव कडेच्या दोघांत आहे, आणि तेथे कोण कोणत्या हाताने खेळतो यावर सगळे अवलंबून असते. मॅथ्यूज डाव्या बाजूने फटका मारणारा आहे. तो आक्रमणाच्या उजव्या कडेला उभा राहिला, तरच आडवा आलेला पक न थांबवता थेट मारू शकतो. मार्नर आणि नीलँडर उजव्या बाजूने मारणारे, म्हणून त्यांच्यासाठी डावी कड.

थेट फटक्याचे महत्त्व गोलरक्षकाच्या पायांवरून कळते. पक डाव्या कडेला असताना तो डाव्या खांबाला चिकटून, सरळ उभा, पूर्ण तयारीत असतो. तोच पक बचावाच्या चौकडीमधल्या फटीतून उजवीकडे आडवा गेला, तर त्याला एका ढकलीत संपूर्ण गोलची रुंदी कापावी लागते. त्या हालचालीत त्याचे गुडघे उघडतात, काख उघडते, आणि फटका नेमका तेवढ्यात यावा लागतो. पक थांबवून, नीट लावून, मग मारला, तर तोवर गोलरक्षक पुन्हा जागेवर आलेला असतो. म्हणून बचावाची चौकडी सगळी शक्ती खर्च करते ती हा आडवा पास बंद करण्यावर. त्यांच्या स्टिकची पाती बर्फाला टेकलेली आणि त्या फटीच्या रेषेत आडवी ठेवलेली असतात. कधी वरच्या मजल्यावरचे, गोलमागचे तिकीट मिळाले, तर पकऐवजी त्या चार पात्यांकडे दोन मिनिटे पाहा. लीफ्स का अडतात ते लगेच कळते. फट बंद असते आणि आपले खेळाडू बाहेरच्या बाजूने पक फिरवत राहतात: कडेकडून निळ्या रेषेकडे, तेथून दुसऱ्या कडेला, आणि परत. दिसायला हा ताबा सुरेख दिसतो, पण चौकडीला हेच हवे असते. कोणी आत येत नसेल, तर त्यांना जागा सोडावीच लागत नाही.

फट उघडायची, तर मधल्या आणि गोलसमोरच्या खेळाडूची भीती वाटली पाहिजे. वॉशिंग्टनच्या ओव्हेच्किनचे उदाहरण घ्या. तो डाव्या वर्तुळात उभा राहणार आणि पास आला की थेट मारणार, हे जगाला वर्षानुवर्षे ठाऊक होते. तरीही ६ एप्रिल २०२५ रोजी ग्रेट्स्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणारा ८९५ वा गोल त्याने पॉवरप्लेतच, त्याच डाव्या वर्तुळातून मारला. ठरलेली चाल ओळखू येते म्हणून ती निकामी होते, असे नाही. ॲडम ओट्स वॉशिंग्टनचे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मधल्या जागेवर आणि गोलसमोर असे खेळाडू ठेवले, की ओव्हेच्किनकडे एक बचावपटू जास्त झुकला तर गोल आतून होई. चौघांनी पाच धोके सांभाळायचे होते. लीफ्सविरुद्ध चौघांना बरेचदा दोनच सांभाळावे लागतात.

येथे मला झॅक हायमन आठवल्याशिवाय राहत नाही. गोलसमोर ठाण मांडून, पाठीवर स्टिकचे रट्टे खात, सुटलेला पक आत ढकलणारा हा टोरंटोचाच मुलगा २०२१ मध्ये एडमंटनला गेला आणि २०२३-२४ च्या साखळीत त्याने ५४ गोल केले. संघाच्या एकूण पगारावरील मर्यादेपायी त्याला सोडावे लागले, हे खरे. पण मॅथ्यूज, मार्नर, नीलँडर, टव्हारेस या चौघांवर एवढा पैसा लावल्यानंतर पाचवा माणूस परवडू नये, हा हिशेबच मला कधी कळला नाही. मॅथ्यू नाइज आल्यापासून ती जागा बरीच भरली आहे, हे मान्य करते.

मार्नर गेल्यावर जे झाले, त्याचे कारणही यातच आहे. त्याचा फटका काही फार धाकाचा नव्हता. पण निळी रेघ ओलांडून देणारा आणि मधल्या फटीतून पास घालणारा तोच होता. २०२४-२५ मध्ये तर पाचही जण फॉरवर्ड ठेवून त्याला निळ्या रेषेवर मध्यभागी उभे केले जात होते. ‘निळी रेघ’ यांनी सांगितलेले प्रवेशाचे काम आणि मी सांगितलेले पासचे काम एकाच माणसाकडे होते, आणि तो एका सकाळी संघातून वजा झाला.

खडकीचा हॉकीवाला

मी पुण्याच्या खडकीत मैदानी हॉकी पाहत वाढलो, बर्फावरचे हॉकी मुलीच्या नादाने गेली काही वर्षे पाहतो, त्यामुळे अधिकारवाणीने बोलत नाही. तरी ताईंनी ‘बाहेरच्या बाजूने पक फिरवत राहणे’ म्हटले आणि पॅरिस ऑलिंपिकमधला ४ ऑगस्ट २०२४ चा उपांत्यपूर्व सामना डोळ्यांपुढे आला. अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले आणि उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. ब्रिटनकडे एक माणूस जास्त. तरी पहिला गोल हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर भारतासाठी केला, ब्रिटनला बरोबरीच साधता आली आणि भारत शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. त्या दिवशी ब्रिटनचा चेंडू अर्धवर्तुळाच्या बाहेरून डावीकडून उजवीकडे फिरत राहिला. दहा जणांनी आतली जागा दाबून धरली आणि बाहेरची खुशाल देऊन टाकली. जास्तीचा माणूस मिळाला की आक्रमक संघ घाई सोडतो, चांगल्या संधीऐवजी सर्वोत्तम संधीची वाट पाहू लागतो, आणि वाट पाहण्यातच वेळ सरतो. बर्फावर तर दोनच मिनिटे असतात. माझी शंका अशी: लीफ्स जास्त फटके का मारत नाहीत? निदान सुटलेल्या पकवर तरी झडप घालता येईल.

निळी रेघ

शंका रास्त आहे, पण अट एक आहे. लांबून मारलेल्या फटक्याचे मोल तो आत जाण्यावर कमी आणि त्यानंतर पक कोणाच्या स्टिकवर येतो यावर जास्त ठरते. गोलसमोर आपला एकच माणूस आणि बाकीचे तिघे-चौघे कडेला आरामात उभे असतील, तर सुटलेला पक चौकडीच्या हाती लागतो आणि ती तो थेट दुसऱ्या टोकाला पाठवते. म्हणजे फटकाही गेला आणि वीस सेकंदही. पक सुटताच कडेचे दोघे आत झेपावले, तर त्या क्षणापुरते तीनविरुद्ध दोन होतात. हे घामाचे काम आहे आणि सरावात ते कमी केले जाते, कारण सुंदर पासांची पुनरावृत्ती करणे सगळ्यांनाच आवडते.

‘आकडेमोड’ यांना एक विचारायचे होते. पाच फॉरवर्डांचा प्रयोग चालू ठेवावा का? मागे एकही बचावपटू नसल्याने पक हरवला तर थेट आपल्याच गोलवर धाड येते.

आकडेमोड

माझ्या मते ठेवावा, पण प्रतिस्पर्धी आणि गुणफलक पाहून. एका गोलाने मागे असताना धोका पत्करणे फायद्याचे असते. पुढे असताना तो विकत घेण्याचे कारण नाही. त्याहून मोठी गळती मला दुसरीकडे दिसते. पहिला संच दीड मिनिट, कधी त्याहूनही जास्त वेळ बर्फावर थांबतो आणि दुसऱ्या संचाच्या वाट्याला उरलेसुरले अर्धे मिनिट येते, तेही बहुधा स्वतःच्या क्षेत्रातून पक घेऊन येण्यात संपते. दमलेले पाय निळ्या रेषेवर अडतात आणि दमलेले हात आडवा पास अर्धा हात मागे देतात. ताई म्हणतात तो थेट फटका मग थांबवूनच मारावा लागतो.

ओंटारियोकर

सर्वांचे आभार. ताईंनी सुचवलेले गोलमागचे तिकीट परवडण्याजोगे नसल्यामुळे घरीच पाहणार आहे. आमच्या मंडळींना पुढच्या सामन्यात दोनच गोष्टी मोजायला सांगतो: पॉवरप्ले सुरू झाल्यापासून पक त्यांच्या क्षेत्रात स्थिरावेपर्यंत गेलेले सेकंद, आणि मधल्या फटीतून पूर्ण झालेले आडवे पास. या दोन आकड्यांनंतरही कोणाला दडपणाविषयी बोलायचे असेल, तर मध्यंतरात बोलावे.